२०१६ चे सौर वीजदर: एकाच वर्षातील सहा किमतींची उकल

सौर विजेच्या खर्चाची देशोदेशी तुलना करताना पहिली अडचण काळाची येते. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयरेनाच्या, हिशेबानुसार मोठ्या सौर प्रकल्पांतील विजेचा जागतिक सरासरी खर्च २०१० मध्ये युनिटला सुमारे ४६ अमेरिकन सेंट होता आणि २०२३ मध्ये तो ४.४ सेंटवर आला. दोन्ही आकडे २०२३ च्या डॉलरमध्ये मोजलेले आहेत. घसरण एवढी वेगवान असेल, तर तीन वर्षांच्या अंतराने झालेले दोन करार शेजारी मांडून एक प्रदेश स्वस्त आणि दुसरा महाग असे म्हणणे म्हणजे प्रदेशांऐवजी तारखांचीच तुलना करणे होय. म्हणून या प्रकरणासाठी एकच वर्ष धरले आहे. २०१६ या वर्षात जगाच्या निरनिराळ्या भागांत सौर विजेचे दर जाहीर झाले, पॅनेल सर्वांसाठी साधारण एकाच जागतिक बाजारातून येत होते, आणि तरीही दरांमध्ये नऊपट अंतर होते. हे अंतर आले कोठून, एवढाच प्रश्न येथे तपासला आहे.

जाहीर झालेले दर

जानेवारीत राजस्थानातील भडला सौर उद्यानाच्या लिलावात ४.३४ रुपये हा दर निघाला, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने सुमारे ६.४ सेंट. जूनमध्ये झांबियात ६.०२ सेंटची बोली विजयी ठरली. ऑगस्टमध्ये चिलीतील वीजपुरवठ्याच्या लिलावात एका सौर प्रकल्पाने २.९१ सेंट दर दिला. सप्टेंबरमध्ये अबू धाबीतील स्वैहान प्रकल्पासाठी २.४२ सेंटची बोली आली आणि जगभर तिची बातमी झाली. डिसेंबरमध्ये जर्मनीतील जमिनीवरील प्रकल्पांच्या लिलावाचा सरासरी दर ६.९० युरो सेंट, म्हणजे सुमारे सव्वासात अमेरिकन सेंट होता. जपानने त्या आर्थिक वर्षासाठी दहा किलोवॅट व त्यापुढच्या संचांना २४ येन हा खरेदीदर ठरवून दिला होता. त्याचे साधारण २२ सेंट होतात.

हे सहा आकडे एका स्तंभात मांडले की वाचकाच्या मनात आपोआप एक नकाशा उभा राहतो: वाळवंटात स्वस्त आणि उत्तरेच्या थंड, ढगाळ देशांत महाग. या नकाशात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. एक किलोवॅट क्षमतेचे पॅनेल जर्मनीत वर्षाला साधारण १,००० युनिट वीज देते. जपानमध्ये त्याहून काहीशी जास्त मिळते. आखाती देश, राजस्थान आणि झांबिया येथे स्थिर ढाच्यावर १,६०० ते १,८०० युनिटांची अपेक्षा ठेवता येते, तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात, जिथे हवा कोरडी, ढग दुर्मीळ आणि समुद्रसपाटीपासूनची उंची बरीच आहे, हा आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट जागेत सुमारे दुपटीचाच फरक आहे. शिवाय सर्वांत महाग दर जर्मनीचा नसून तिच्याहून अधिक ऊन मिळणाऱ्या जपानचा आहे, आणि जवळपास सारखेच ऊन असलेल्या राजस्थान व अबू धाबीच्या दरांत अडीच पटींहून अधिक अंतर आहे.

व्याजाचा वाटा

सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही. पंचवीस वर्षांच्या विजेचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, आणि तो उसन्या पैशातून होतो. त्यामुळे पुढे युनिटमागे जो खर्च दिसतो त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात त्या भांडवलाचे व्याज आणि परतावा असतो. कोळशाच्या वा वायूच्या प्रकल्पात इंधनाचा भाव चढला की वीज महागते. सौर प्रकल्पात ते काम व्याजदर करतो, आणि तेही एकदाच, करारावर सही होण्याच्या सुमारास.

हे किती प्रभावी आहे ते पाहण्यासाठी एक सरळ गणित पुरेसे आहे. समजा, दोन ठिकाणी किलोवॅटला १,००० डॉलर भांडवली खर्च आणि वर्षाला १५ डॉलर देखभाल खर्च येतो, आणि प्रकल्प पंचवीस वर्षे चालतो. पहिल्या ठिकाणी ऊन जर्मनीसारखे, वर्षाला १,००० युनिटांचे, आणि भांडवलाचा खर्च, म्हणजे त्या पैशावरील व्याज व परतावा, वर्षाला ४ टक्के. दुसऱ्या ठिकाणी ऊन झांबियासारखे, १,८०० युनिटांचे, आणि भांडवलाचा खर्च १२ टक्के. पहिल्या ठिकाणी भांडवलाची वार्षिक परतफेड किलोवॅटला ६४ डॉलर येते, त्यात देखभाल मिळवून ७९ डॉलर. हजार युनिटांनी भागले की युनिटला ७.९ सेंट. दुसऱ्या ठिकाणी परतफेड १२७.५ डॉलर, देखभालीसह १४२.५ डॉलर, आणि १,८०० युनिटांनी भागल्यावर उत्तर पुन्हा ७.९ सेंटच. ऐंशी टक्के जास्त उनाचा फायदा ४ ऐवजी १२ टक्के झालेल्या व्याजाने पूर्णपणे खाऊन टाकला. त्याच उन्हाच्या ठिकाणी ४ टक्क्यांनी पैसा मिळाला असता, तर वीज ४.४ सेंटला पडली असती.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी टक्क्यांमधली दरी काल्पनिक नाही. आयरेनाने २०२४ च्या खर्चावरील आपल्या अहवालात भांडवलाचा खर्च युरोपसाठी सुमारे ३.८ टक्के आणि आफ्रिकेसाठी १२ टक्के धरला आहे. ऊन मोजणारे नकाशे आज कोणालाही सहज मिळतात आणि त्यांच्यावर चर्चाही भरपूर होते. व्याजाचा नकाशा मात्र अशा चर्चेत क्वचितच मांडला जातो, आणि माझ्या मते प्रदेशांच्या तुलनेतील बहुतेक चुकीचे निष्कर्ष तेथूनच निघतात.

डेन्मार्कची सीमा

व्याज आणि ऊन या दोन गोष्टींनी सगळे उलगडते असे वाटू लागले असेल, तर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील एक लिलाव मुद्दाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. जर्मनीने ५० मेगावॅटचा एक लिलाव शेजारच्या डेन्मार्कमधील जागांसाठीही खुला केला. बोली जर्मन जागेसाठी असो वा डॅनिश, आधार एकाच जर्मन योजनेचा मिळणार होता. उत्तर जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या उन्हात नाव घ्यावा असा फरक नाही, पॅनेल तेच, आणि दोन्हीकडे कर्ज स्वस्त. निकाल लागला तेव्हा पाचही प्रकल्प डेन्मार्कमधील निघाले, दर ५.३८ युरो सेंट. काही आठवड्यांनी झालेल्या केवळ जर्मन जागांच्या लिलावात सरासरी दर ६.९० होता. म्हणजे सीमा ओलांडताच वीज पाचव्या हिश्शाहून अधिक स्वस्त झाली.

या फरकाचे एक ठळक कारण जमीन हे होते. जर्मनीत तेव्हा असे प्रकल्प प्रामुख्याने महामार्ग व लोहमार्गांलगतच्या ११० मीटर रुंदीच्या पट्ट्यांत आणि पूर्वी लष्करी वा औद्योगिक वापरात असलेल्या जागांवरच उभारता येत. शेतजमिनीवर अगदी मोजक्या प्रकल्पांना परवानगी होती, आणि एका प्रकल्पाचा आकार दहा मेगावॅटच्या वर नेता येत नव्हता. अशा अरुंद, तुकड्यातुकड्यांच्या जागांसाठी विकासक आपसात स्पर्धा करतात आणि भाडे चढते. डेन्मार्कमध्ये सपाट शेतजमीन उपलब्ध होती. शेतजमीन राखून ठेवणे हा जर्मनीचा धोरणात्मक निर्णय होता आणि त्याच्या बाजूने बरेच काही म्हणता येईल. मात्र त्या निर्णयाची किंमत विजेच्या दरात मिसळलेली होती, आणि ‘जर्मनीत ऊन कमी, म्हणून दर जास्त’ असे म्हणणाऱ्याला ती दिसत नाही.

जपान: स्वस्त पैसा, महाग वीज

केवळ व्याजाकडे बोट दाखवणाऱ्याला जपान अडचणीत आणतो. जगातील सर्वांत कमी व्याजदरांपैकी एक तेथे होता आणि ऊन जर्मनीपेक्षा बरे होते, तरीही दर तिप्पट. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जुलै २०१२ मध्ये जपानने सौर विजेसाठी ४० येनचा खरेदीदर जाहीर केला. हा दर स्पर्धेतून आलेला नव्हता, सरकारने ठरवलेला होता, आणि तो पुढे दरवर्षी थोडाथोडा कमी करत २०१६ मध्ये २४ येनवर आणला गेला. दर आधीच ठरलेला असला की ठेकेदारापासून जमीनमालकापर्यंत प्रत्येकाचा हिशेब त्या दरापासून मागे मोजत जातो. पॅनेल स्वस्त झाले, तरी तो फायदा ग्राहकापर्यंत पोहोचण्याची घाई कोणालाच नसते.

पण सगळा दोष दरनिश्चितीवर टाकणेही बरोबर नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात जपानने पहिला लिलाव घेतला, तेव्हा ५०० मेगावॅटसाठी बोली मागवूनही सुमारे १४१ मेगावॅटचेच प्रकल्प मंजूर झाले, आणि सर्वांत कमी बोली १७.२० येनची होती. स्पर्धा आणूनही दर आखातापर्यंत काय, जर्मनीपर्यंतही आला नाही. डोंगराळ भूभाग, सपाट जमिनीची टंचाई, भूकंप, वादळे व बर्फाचा भार सोसतील असे मजबूत ढाचे, महाग मजुरी आणि उपठेकेदारांच्या एकावर एक साखळ्या हे सारे खर्च खरेच होते.

आखात आणि चिली: विक्रमी दरामागच्या अटी

स्वैहानचा २.४२ सेंट हा दर वाचताना त्याच्या अटीही वाचाव्या लागतात. वीज खरेदी करणारी संस्था सरकारी, करार पंचवीस वर्षांचा, प्रकल्पात बहुसंख्य हिस्सा सरकारी बाजूचा, जमीन जवळपास फुकट, आणि एकाच ठिकाणी १,१७७ मेगावॅटचा अवाढव्य संच. एवढी खात्री असली की बँका दीर्घ मुदतीचे कर्ज कमी व्याजाने देतात. याखेरीज जून ते सप्टेंबर या महिन्यांत, जेव्हा वातानुकूलनामुळे मागणी शिगेला पोहोचते, तेव्हाच्या विजेला १.६ पट मोबदला देण्याची तरतूद होती. म्हणजे जाहीर झालेला आकडा हा प्रकल्पाला मिळणाऱ्या सरासरी उत्पन्नाहून कमी होता. बातमी देणाऱ्यांनी बहुधा तो एकच आकडा उचलला. आखाती उष्णता आणि धूळ यांचा तोटाही हिशेबात धरायला हवा, कारण सिलिकॉनचे पॅनेल तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के क्षमता गमावते, आणि त्यावर साचणारी धूळ सतत काढावी लागते.

चिलीचा दर वेगळ्या अर्थाने फसवा आहे. ऑगस्टमधील २.९१ सेंट हा दर २०२१ पासून करायच्या पुरवठ्यासाठी होता. तोवर पॅनेल आणखी स्वस्त होतील, हा विकासकाचा अंदाज त्या बोलीतच धरलेला होता, आणि तो अंदाज बरोबर ठरला. पण अटाकामातील विजेला त्या सुमारास दुसरीच अडचण भेडसावत होती. उत्तरेकडील सौर प्रकल्पांची वीज आणि मध्य चिलीतील लोकवस्ती यांच्यामध्ये पुरेशी पारेषण वाहिनी नव्हती, त्यामुळे उत्तरेत भर दुपारी विजेचा घाऊक भाव २०१६ मध्ये कित्येक दिवस शून्यावर येत असे. उत्तर आणि मध्य या दोन वीजजाळ्यांची जोडणी २०१७ च्या नोव्हेंबरात झाली, आणि मध्य चिलीपर्यंत वीज नेणारी मोठी वाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली. उत्पादनखर्च जगातील नीचांकी पातळीवर आणि त्याच जागी विजेला मोल नाही, अशी ही स्थिती होती. खर्चाच्या तक्त्यात चिली पहिल्या रांगेत बसतो, परंतु पारेषण वाहिनीचा खर्च त्या तक्त्यात नसतो. तो दुसऱ्याच खात्यात, दुसऱ्याच ग्राहकांच्या बिलात जातो.

झांबिया आणि भडला: चलनाचा भार कोणावर

आता ज्या दोन दरांत वरकरणी फारसा फरक नाही ते पाहू. भडला ६.४ सेंट, झांबिया ६.०२ सेंट. या आकड्यांवरून झांबियाची वीज किंचित स्वस्त ठरते. प्रत्यक्षात भडलाचा करार रुपयांत होता आणि पंचवीस वर्षे ४.३४ रुपये हाच दर राहणार होता. झांबियाचा करार डॉलरमध्ये होता आणि तोही पंचवीस वर्षे न वाढणारा. रुपया डॉलरच्या तुलनेत दरवर्षी तीन टक्क्यांनी घसरतो असे धरले, तर भडलाच्या दराची पंचवीस वर्षांची साधी सरासरी डॉलरमध्ये सुमारे साडेचार सेंट येते. झांबियाची डॉलरमधील सरासरी मात्र ६.०२ च राहते. म्हणजे अटी एका पातळीवर आणताच क्रम उलटला. डॉलरच्याच महागाईचा विचार केला आणि ती वर्षाला दोन टक्के धरली, तर झांबियाचा दरही २०१६ च्या पैशांत सरासरी ४.७ सेंट पडतो. हाच आकडा तेव्हा प्रकल्पाच्या बाजूने पुढे केला जात असे. तो चुकीचा नाही, पण तसाच हिशेब भडलाला लावल्याशिवाय त्याची तुलना करता येत नाही.

रुपयातील करारात चलन घसरण्याचा धोका विकासक व त्याला कर्ज देणाऱ्यांनी घेतलेला असतो. भारतातील चढ्या व्याजदरात त्या धोक्याची किंमत आधीच मिसळलेली असते, आणि राजस्थानचा दर अबू धाबीपेक्षा एवढा वर राहण्याचे एक मोठे कारण हेच आहे. डॉलरमधील करारात तोच धोका खरेदीदाराच्या अंगावर जातो. दर कमी दिसतो, कारण धोका दरातून बाहेर काढून दुसऱ्या खिशात ठेवलेला असतो.

झांबियाने हा मार्ग का धरला हेही समजून घेतले पाहिजे. देशाची बहुतांश वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते. २०१५ च्या सुमारास पाऊस दगा देऊन गेला, करिबा जलाशयाची पातळी खाली गेली आणि देशभर भारनियमन सुरू झाले. जलदगतीने वीज हवी होती, पण असा देश एकट्याने निविदा काढतो तेव्हा बोली लावणारा प्रत्येक जण खरेदीदार पैसे बुडवील का, कर्ज मिळेल का, जागेची पाहणी कोणी केली आहे, या प्रश्नांची किंमत आपल्या दरात घालतो. जागतिक बँक समूहाच्या स्केलिंग सोलर कार्यक्रमाने हे प्रश्न निविदेआधीच सोडवले. जागेचा अभ्यास तयार, करारांचे मसुदे तयार, कर्जाच्या अटी आधी ठाऊक, आणि वीज खरेदी करणाऱ्या झेस्को या सरकारी कंपनीने पैसे थकवले तर काही प्रमाणात हमी, असे सारे एकत्र मिळाले. त्यातून बांग्वेउलू प्रकल्पाचा ६.०२ सेंट आणि न्गोन्ये प्रकल्पाचा ७.८४ सेंट हे दर निघाले. दोन्ही प्रकल्प राजधानी लुसाकाच्या दक्षिणेला उभे राहिले आणि २०१९ मध्ये सुरू झाले.

वरच्या गणितातील दुसऱ्या ठिकाणी १२ टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांनी भांडवल मिळाले, तर खर्च ७.९ वरून ५.६ सेंटवर येतो. स्केलिंग सोलरने जे साधले ते साधारण याच जातीचे होते. ऊन, पॅनेल आणि मजुरी होती तशीच राहिली; बदलला तो पैशाचा खर्च. यावर असा आक्षेप घेतला जातो की सवलतीच्या कर्जाने आणि हमीने निघालेला दर हा खरा खर्च नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण मग स्वैहानला मिळालेली जमीन, जर्मनीने वीस वर्षांसाठी दिलेली दराची खात्री आणि भडलाला सौर उद्यानात तयार मिळालेली वीजवाहिनी यांनाही तो लागू होतो. आधाराविना निघालेला दर या सहांत एकही नाही.

बाकी राहते ती चलनाची बाजू. २०१६ च्या मध्यावर एका डॉलरला झांबियाच्या चलनात १० ते ११ क्वाचा मोजावे लागत होते. २०२० च्या नोव्हेंबरात झांबियाने परदेशी रोख्यांवरील व्याज थकवले, आणि २०२४ पर्यंत डॉलर सुमारे २६ क्वाचांवर गेला. ६.०२ सेंट तसेच राहिले, पण झेस्कोच्या पुस्तकात तेच युनिट सुमारे ०.६५ क्वाचावरून दीड क्वाचाच्या पुढे गेले, आणि झेस्कोचे बहुसंख्य ग्राहक बिल भरतात ते क्वाचात. २०२४ मध्ये पुन्हा भीषण दुष्काळ पडला, सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली आणि १,०८० मेगावॅटच्या करिबा उत्तर तीर केंद्राचे उत्पादन घटले. अशा वर्षी ज्या विजेशी सौर विजेची तुलना करायची ती धरणाची स्वस्त वीज नसते. ती आयात केलेली वा डिझेलवर तयार झालेली वीज असते, आणि तिचे पैसेही डॉलरमध्येच मोजावे लागतात.